हालब्रुकची तिसरी बाटली

अल रीम आयलंड, अबुधाबी
१२ ऑक्टोबर २०२४

ग्लेन,

तू हालब्रुकच्या ब्रुअरीत, त्या बिअरच्या कारखान्यात, आहेस की नाही हे मला नक्की माहीत नाही. फक्त संशय आहे, आणि तेवढ्यावर मी हे पत्र पाठवतेय. पाकिटाला चिकटपट्टी लावून वर सही केली आहे. सही मध्येच तुटलेली दिसली तर समज, तुझ्याआधी कुणीतरी वाचलंय.

शेनॉन म्हणते, "मम्मा, जस्ट टेक्स्ट हिम." तुझी भाची आता माझ्यापेक्षा उंच झाली आहे आणि मराठीत विचारलं तरी इंग्लिशमध्येच उत्तर देते. तिला म्हटलं, मामाचा नंबर कधीच बंद झालाय. आणि चालू असता तरी फोन केला नसता. फोनवर माणूस "येतो" म्हणून मोकळा होतो.

मंगळवारी हॉटेलात बिअरचं टेस्टिंग होतं. मी अजून त्याच हॉटेलात आहे, जिथे तू माझ्या हाताखाली बारमध्ये ग्लास पुसायचास. आता बेव्हरेज मॅनेजर आहे. बेल्जियमहून, म्हणजे तू गेलास त्याच देशातून, वाउटर हालब्रुक नावाचा माणूस आला होता, सोबत आमचा इम्पोर्टर बदरुद्दीन. वाउटर पन्नाशीचा, कपडे साधे, बोलणं गोड. त्याच्या आजोबांची गावात ब्रुअरी होती, ती सन साठ-पासष्टच्या सुमारास बंद पडली. ह्यानं ती त्याच जागेत पुन्हा उभी केली. तांब्याचं जुनं भांडं दुरुस्त करून घेतलं, आणि आजोबांचं बिअर आंबवायचं यीस्ट म्हणे तळघरातल्या एका बाटलीत जिवंत सापडलं. आमचे डायरेक्टर हेमचंद्र सर, पुण्याचे, अगदी भारावून ऐकत होते. मी नाही. असं कधीतरी घडतं म्हणतात. पण ज्याला माल विकायचाय नेमकं त्याच्याच तळघरात ते घडतं, तेव्हा मी जरा मागे सरकून बसते.

पहिली बाटली ब्लाँड, फिक्या सोनेरी रंगाची. फेस दाट, ग्लासाला लेससारखा चिकटून राहणारा. संत्र्याची साल, थोडे धणे, शेवट कोरडा. चांगली, पण अशा मी बऱ्याच प्यायले आहे. दुसरी ट्रिपल. रंग मधाचा, नाकात मिरीचा झटका, आणि अल्कोहोल इतकं लपवलेलं की दुसऱ्या ग्लासानंतर पाहुण्याला टॅक्सी बोलावून द्यावी लागेल. हीसुद्धा चांगली.

तिसरी काळी. आधी मनुका, मग काकवी. मग मी थांबले. केळ्याचा वास बेल्जियन बिअरमध्ये नवीन नाही, तो यीस्टमधून येतो, नव्या मुलामुलींना हे मीच शिकवते. पण तो ओल्या केळ्याचा वास असतो. हा तसा नव्हता. ही सुकेळी होती. उन्हात वाळवून, वाळलेल्या पानात घट्ट बांधलेली, मम्मी आगाशीहून आणायची ती. मधाळ, किंचित आंबूस, दाताला चिकटेल अशी वाटणारी. मी ग्लास खाली ठेवला आणि वहीत "गुड" एवढंच लिहिलं.

वाउटर माझ्याकडेच बघत होता. म्हणाला, "यू आर फ्रॉम वसई, राइट?"

हेमचंद्र सरांनी माझी ओळख "फ्रॉम मुंबई" अशी करून दिली होती. आणि गोरे लोक आपल्या गावाचं नाव घेताना अडखळतात, हा नाही अडखळला. त्याला हे नाव कुणीतरी पुष्कळदा ऐकवलंय.

तर सरळ विचारते. ती बिअर तू केलीस का? केली असशील तर त्याच्या आजोबांचं नाव तिच्यावर कसं? आणि बेल्जियमच्या त्या एवढ्याशा गावातून निघालेला माणूस जगातली सगळी हॉटेलं सोडून नेमका माझ्या टेबलावर कसा येऊन बसला?

सोफिया

*

अबुधाबी
९ नोव्हेंबर २०२४

ग्लेन,

तुझी चिठ्ठी मिळाली. पत्र म्हणवत नाही तिला. "मी इथेच आहे. काळी बिअर माझी. यापुढे घरमालकिणीच्या पत्त्यावर लिही. आवडली तर घ्या. माल आला की आधी तू स्वतः पी, मग दुसऱ्याला दे. पपा कसे आहेत?"

पाच वर्षांनी एवढंच.

घरमालकिणीच्या पत्त्यावर का? ब्रुअरीत तुझं टपाल फोडतात? आणि "आधी तू स्वतः पी" म्हणजे काय? मला माझं काम शिकवतोस, की स्वतःची तारीफ ऐकायचीय? ॲरॉन म्हणतो, अगं, भाऊ कौतुकानं म्हणतोय, तू प्रत्येक वाक्य उलटं करून बघतेस. माझा नवरा चांगला माणूस आहे. त्याला कुणी दारात ताटकळत ठेवलेलं नाही.

मला ठेवलंय. मम्मी गेली तेव्हा तू फोनवर म्हणालास, "तिकीट काढतोय, थांबवून ठेव." मी फादरांना सकाळचा फ्युनरल दुपारवर ढकलायला लावला. मे महिन्यात, ग्लेन. बर्फाच्या लाद्या दोनदा बदलल्या. लोक मांडवात वारा घेत बसले होते आणि पपा प्रत्येक रिक्षाचा आवाज आला की उठून उभे राहत होते. शेवटी मीच म्हटलं, चला. त्यानंतर तुझा फोन लागला नाही.

पपा ठीक आहेत. आपले सिप्रियन तुस्कानो अजून रोज सकाळी चर्चमध्ये मिस्साला चालत जातात आणि घरी आल्यावर पाय दुखतात म्हणून मला फोन करतात. तुझं नाव काढत नाहीत. मीही काढत नाही.

बिअर आम्ही घेतोय. एप्रिलमध्ये, ईद झाल्यावर, हॉटेलात बेल्जियन वीक करायचा हेमचंद्र सरांचा प्लॅन आहे. हालब्रुक त्यातलं मुख्य आकर्षण. सरांना वरच्या पोस्टवर जायचंय, त्यासाठी हा इव्हेंट त्यांना हवा आहे. ऑर्डर मोठी आहे. ग्रुपची दुबईतली दोन हॉटेलंही त्यात आली.

इथेच मला पुन्हा खटकतंय. मी वाउटरला ईमेलवर विचारलं, तुमचं तांब्याचं भांडं केवढं आहे? त्यानं भांड्याचा फोटो पाठवला, माप नाही पाठवलं. फोटोवरून मला तरी वाटतं, त्या भांड्यात एवढी बिअर व्हायला वर्ष जाईल. तो म्हणतो, फेब्रुवारीत माल बोटीवर असेल.

कसा असेल? एवढं तरी सांग.

सोफिया

*

अबुधाबी
६ एप्रिल २०२५

ग्लेन,

तू उत्तर दिलं नाहीस. माझा प्रश्न सोपा होता आणि तुला सगळा हिवाळा मिळाला होता. आता मला कळलं का दिलं नाहीस ते.

माल आला. खोर फक्कान बंदरात कंटेनर उतरला आणि बदरुद्दीननं स्वतः उभं राहून तो गार ट्रकमध्ये चढवून घेतला. सकाळी बार उघडायच्या आधी मी काळीची बाटली उघडली. सकाळी जीभ स्वच्छ असते. लेबल तेच, आजोबांचा फोटो तोच, झाकणही तेच. आत दुसरीच बिअर.

जळक्या साखरेचा गोडवा, मागे काहीच नाही. मनुकाही नाहीत, सुकेळी तर लांबच. खोकल्याच्या औषधात सोडा घातल्यासारखी.

आधी मी माझ्यावरच संशय घेतला. सर्दी आहे का? नव्हती. उन्हात कंटेनर तापला असेल? पण तापलेल्या बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, तो अजिबात नव्हता. मग ऑक्टोबरच्या सॅम्पलमधल्या उरलेल्या बाटल्या मी फ्रिजमधून काढल्या आणि हेमचंद्र सरांना खाली बोलावलं. ग्लास त्यांनीच भरले, त्यांनीच जागा बदलल्या, मी पाठ करून उभी राहिले. मी ओळखल्या. मग म्हटलं, सर, आता तुम्ही. त्यांनी दोन घोट घेतले आणि त्यांनीही ओळखल्या. माणूस प्रामाणिक आहे, खोटं बोलला नाही.

"फरक आहे," म्हणाले. "पण सोफिया, गेस्टला कुठे दोन्ही ग्लास मिळणार आहेत? त्याला हीच मिळणार. वीक दहा दिवसांवर आलाय, पोस्टर लागलेत, एम्बसीच्या लोकांना इन्व्हाइट गेलंय. खलास. सर्व्ह करू."

"मेनूवर आपण लिहिलंय, गावातल्या जुन्या भांड्यात केलेली."

"ते त्यांचं वाक्य आहे, आपलं नाही."

"पण खाली सही माझी आहे, सर."

त्यांनी ग्लास सिंकमध्ये रिकामे केले. मग म्हणाले, "तू विचार कर, मी पण करतो. इन्शाल्ला, निघेल काहीतरी." म्हणजे मी विचार करायचा आणि ठरवायचं त्यांनी.

तर मी विचार केला, आणि तो सगळा तुझ्यापाशी येऊन थांबला. सॅम्पल तू केलं. बहिणीच्या ओळखीची चव घातलीस म्हणजे बहीण पाघळेल, ऑर्डर काढेल. मग खरा माल कसाही आला तरी ती तोंड बंद ठेवेल, कारण भावाची नोकरी. हिशेब छान होता. मम्मीची सुकेळी तू आमिषाला लावलीस, ग्लेन. दुसरं काहीही चाललं असतं मला.

नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हण. हे कुरियरनं पाठवतेय, मी शुक्रवारपर्यंत वाट बघेन. मला वाट बघायची सवय आहे, पण ह्या वेळी मी कुणालाही मांडवात बसवून ठेवणार नाही.

सोफिया

*

अबुधाबी
१५ एप्रिल २०२५

ग्लेन,

तुझ्याकडून काही आलं नाही. शुक्रवारी मी रिपोर्ट दिला. आलेला माल सॅम्पलशी जुळत नाही, ह्या नावाखाली विकू नये, आणि खाली सही. त्याची प्रत ग्रुपच्या ऑफिसला गेली, त्यामुळे दुबईच्या हॉटेलांनीही माल थांबवला. हेमचंद्र सर माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी जाताना फक्त म्हणाले, "मला आधी दाखवायला हवा होतास." दाखवला असता तर तो गेला नसता, हे दोघांनाही माहीत होतं.

रविवारी वाउटरचा फोन आला. मी घरी होते. तुझं नाव त्यानंच काढलं, मी नाही. जसं झालं तसं लिहिते, म्हणजे कुठे चुकत असेल तर तू सांगशील.

तो म्हणाला, "तुमच्या भावानं हे मुद्दाम केलंय."

मी म्हटलं, "काय केलंय?"

"तुमचं हॉटेल त्यानंच सुचवलं. पहिला एक्स्पोर्ट तिथेच करा म्हणून हट्ट धरला. म्हणाला, माझी बहीण तिथे आहे, गावाचं नाव घ्या, तिला बरं वाटेल. मला वाटलं, ओळखीचा फायदा होईल. आता कळतंय तो काय करत होता."

"मिस्टर हालब्रुक, बिअर कुठे केलीत?"

आधी त्यानं आजोबांची गोष्ट पुन्हा सुरू केली, मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग म्हणाला, आमचं भांडं लहान आहे, मागणी मोठी, सगळेच असं करतात. गावापासून तासाभरावरच्या एका मोठ्या फॅक्टरीत करून घेतली. ब्लाँड आणि ट्रिपल तिथे जमल्या. काळी नाही जमली, कारण तिचं यीस्ट ग्लेननं द्यायला नकार दिला.

"यीस्ट तुमच्या आजोबांचं ना?"

"ती एक गोष्ट आहे," तो म्हणाला. "लोकांना गोष्ट लागते."

मग तो चिडला. उपकार काढायला लागला, त्याच्याच शब्दांत लिहिते. मी ह्या मुलाला ठेवून घेतलं तेव्हा त्याला कुणी दारात उभं करत नव्हतं. त्याच्या इथे राहायच्या कागदांसाठी वकील मी दिला. त्याची आई वारली तेव्हा तो बॅग घेऊन स्टेशनवर गेला होता. मीच मागे गाडी घेऊन गेलो आणि समजावलं, अर्ज चालू असताना देश सोडलास तर परत येता येणार नाही, वकील स्पष्ट म्हणालाय. मी त्याला परत आणला. मग तो बॉयलरच्या खोलीत जाऊन बसला आणि कुणाशी बोलेना. तेव्हाही मी त्याला काढला नाही. आणि आज तो माझ्यावर हे उलटवतो. नोव्हेंबरात भांडण झालं, गप्प राहायच्या कागदावर सही घेऊन मी त्याला कामावरून सोडलं, तरी त्यानं करायचं ते केलंच.

मी फोन ठेवला आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिले. समोर खाडीवर क्रेन चालल्या होत्या. शेनॉन आली, म्हणाली, "हू वॉज दॅट?" मी म्हटलं, एक खोटं बोलणारा माणूस. "सो व्हाय आर यू क्राइंग?"

ग्लेन, मी त्या माणसाचं काहीही मानणार नव्हते. यीस्टचं खोटं, भांड्याचं खोटं, बाटलीचं खोटं. पण स्टेशनचं त्याला खोटं कशाला बोलायचं? तो तुझी बाजू घेत नव्हता, तुला शिव्या देत होता. तुझ्यावर केलेले उपकार मोजताना मधेच ते त्याच्या तोंडून निघालं, आणि आपण काय बोलून गेलो हे त्याला कळलंही नाही. म्हणून मला ते खरं वाटतंय. दुसऱ्या कुणी, अगदी तू स्वतः सांगितलं असतंस, तर नसतं वाटलं.

पण तू सांगितलं का नाहीस? निघालो होतो, जमलं नाही, एवढंही नाही?

आणि "आधी तू स्वतः पी." ते आता कळलं. फॅक्टरीचा बेत तुला आधीच कळला होता, आणि बोलायची बंदी होणार हेही दिसत होतं, म्हणून तू माल माझ्याकडे वळवलास. मला फसवता येणार नाही, ह्यावर तू एवढा विसंबलास. मला ह्याचा राग आलाय. रागाच्या खाली आणखीही काहीतरी आहे, पण ते मी लिहिणार नाही.

हे पत्र घरमालकिणीकडे पाठवतेय. तू तिथे अजून राहतोस की नाही, देव जाणे. घरचा नंबर जुनाच आहे.

सोफिया

*

अबुधाबी
१८ मे २०२५

ग्लेन,

काल आपण फोनवर बोललो त्यातलं निम्मं मला आठवत नाही, म्हणून लिहितेय. ॲरॉन शेजारीच उभा होता. त्यानं तुझं पहिलं वाक्य ऐकलं आणि माझं ऐकून कपाळाला हात लावला.

"सोफिया, ग्लेन बोलतोय."

"कशावरून?"

तू हसलास. हसलास तेव्हा पटलं. तुझ्या मागे कुत्रं भुंकत होतं. तू म्हणालास, घरमालकिणीचं आहे.

मी विचारलं, तेव्हा सांगितलं का नाहीस. तू म्हणालास, "मी स्टेशनवरून परत फिरलो, हे तुला कसं सांगणार होतो? गाडी चुकली असती तर सांगितलं असतं. मी परत फिरलो, सोफिया." म्हणालास, पहिल्या दिवशी धीर झाला नाही, मग आठवड्यानं फोन करायची लाज वाटली, मग महिन्यानं तर जास्तच. नंबर बदललास तो त्यामुळे. ह्यावर मला उलटतपासणी करता आली असती. केली नाही.

इथलं सांगते. बेल्जियन वीक झाला, दुसऱ्या ब्रुअऱ्यांच्या बिअरवर. एम्बसीचे लोक खूश होते, हालब्रुक कुठे आहे असं कुणी विचारलंसुद्धा नाही. बदरुद्दीननं माल परत पाठवायचं काम सुरू केलंय आणि वाउटरशी तो आता वकिलामार्फत बोलतो. हेमचंद्र सरांची वरची पोस्ट दुसऱ्याला मिळाली. मला त्यांनी बारमधून काढून बँक्वेटला टाकलंय. "टेम्पररी, सोफिया." लग्नात ज्यूसचे ग्लास मोजते. तरी परवा कॉरिडॉरमध्ये थांबून ते म्हणाले, "ती ऑक्टोबरची काळी उरली आहे का एखादी?" नव्हती. उरली असती तर मी त्यांना दिली असती. ते खोटं बोलले नव्हते.

तू म्हणालास, शेजारच्या गावात एका बाईंच्या गोठ्यात छोटं काहीतरी उभं करतोयस, यीस्ट तुझ्याकडेच आहे. मी विचारलं, चोरून तर आणलं नाहीस? तू म्हणालास, माझंच होतं, कितीतरी वेळा वाढवून बघितल्यावर ती चव लागली. का ती चव, ते मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस.

आणि तुझे कागद झालेत, आता तू जाऊन परत येऊ शकतोस, हेही म्हणालास. त्यावर मी लगेच म्हटलं, कागदाचा फोटो पाठव. पाठवलास. मी झूम करून तारीख बघितली. वाईट वाटून घेऊ नकोस.

बकरी ईदच्या सुट्टीत मी वसईला जातेय, एकटीच. ५ जूनला दुपारी मुंबईत उतरते. तुझं विमान त्याच संध्याकाळचं आहे म्हणालास. मी एअरपोर्टवर थांबेन, बाहेर, चहाच्या स्टॉलपाशी. शेवटचा प्रवासी बाहेर येईपर्यंत थांबेन, त्यानंतर नाही.

पपांना मी तू येतोयस हे सांगितलेलं नाही. पुन्हा त्यांना रिक्षाच्या आवाजानं उठवून उभं करायचं नाही मला. फक्त म्हटलं, मी एकटी येतेय, वरच्या खोलीला रंग काढून घ्या. ते म्हणाले, पाऊस तोंडावर आलाय, आता रंग कशाला? मी म्हटलं, भिंतीला ओल आली आहे.

त्यावर ते खुर्चीतून उठल्याचा आवाज आला. मग विचारलं, "पलंग एक टाकू की दोन?"

मी म्हटलं, दोन.

सोफिया